भांडवल नको, माईक हवा

धंद्यात पडावे असे ज्यांच्या मनात आहे, त्या होतकरू तरुण-तरुणींना आमचा या आठवड्याचा सल्ला अगदी सरळ आहे. मसाले कुटू नका, मोबाइल दुरुस्तीचा गाळा घेऊ नका, शेळ्या तर मुळीच पाळू नका. धंदा करा, असे दुसऱ्याला सांगण्याचा धंदा काढा. आजमितीला महाराष्ट्रात इतका निर्धोक व्यवसाय दुसरा नाही. माल नासत नाही, कारागीर गावच्या जत्रेला जाऊन तिकडेच राहत नाही, पावसात शटरखालून पाणी शिरत नाही. आणि गिऱ्हाईक बुडाले तरी ते परत तुमच्याकडेच येते, कारण बुडणे ही यशाची पहिली पायरी आहे हे तुम्हीच त्याला गेल्या वर्षी शिकवलेले असते.

साहित्य फार लागत नाही. कानाला अडकवायचा माईक, एक जॅकेट (खादीचे असेल तर सरकारी मेळावे मिळतात, निळा ब्लेझर असेल तर हॉटेलातली शिबिरे) आणि तासभर पुरतील इतके लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणराव हवेतच. त्यांच्यावाचून मराठी माणसाला उद्योगावरचे भाषण ऐकल्यासारखे वाटत नाही. सांगायचे असे: मुंबईतली मास्तरकी सोडली, बेळगावात सायकली विकल्या, मग लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी त्या नांगराला हात लावीनात, तरी हा माणूस हटला नाही आणि १९१० साली कुंडलजवळच्या उजाड माळावर कारखाना उभा केला. इथे टाळ्या. आणि इथेच थांबायचे. पुढची दोन वाक्ये चुकूनही तोंडून जाता कामा नयेत. एक म्हणजे, बेळगावातला कारखाना हलवावा लागला तो नगरपालिकेने जागा सोडायला सांगितली म्हणून. दुसरे म्हणजे, माळ मिळाला तो औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन आणि पैसा पुढे केला म्हणून. हे बोललात तर पाचव्या रांगेतला एखादा आगाऊ पोरगा उठून विचारेल, ‘सर, जागा सोडा म्हणणारी नगरपालिका आमच्याकडेही आहे. औंधचे राजे कुठल्या खिडकीवर भेटतात?’

अशा पोराला बसवायचे उत्तर तयार ठेवावे: ‘तुझी मानसिकताच नकारात्मक आहे.’ या उत्तराला अजून कोणी प्रतिप्रश्न केल्याचे ऐकिवात नाही.

व्यासपीठ भरताना थोडी काळजी घ्यावी. अध्यक्षस्थानी निवृत्त अधिकारी बरा. ज्याचे निवृत्तिवेतन न चुकता खात्यात पडते, तोच जोखमीबद्दल इतक्या निर्भयपणे बोलू शकतो. प्रमुख पाहुणे म्हणून प्राचार्य. सातव्या वेतन आयोगाच्या भक्कम पायावर उभे राहून ते मुलांना ‘नोकरीच्या मागे लागू नका’ असे कळवळून सांगतात, आणि त्यांचा स्वतःचा मुलगा कुठे आहे हे सभागृहात विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. उद्घाटनाला लोकप्रतिनिधी. त्यांना धंद्याचा अनुभव खरोखरच असतो, पेट्रोल पंप, कॉलेज आणि खडी क्रशर मिळून. पण तो सर्वांना उपयोगी पडेल असा नसतो. एक पथ्य मात्र पाळा. पुढच्या सात तारखेला चार माणसांचा पगार स्वतः कमवून द्यायचा आहे, असा माणूस वर बसवू नका. तो घड्याळाकडे बघतो, मध्येच फोन घेतो आणि ‘थ्री फेज गेलीय, येतो’ म्हणून भाषणाआधीच निघून जातो. त्याने वातावरण बिघडते.

मधला तास योजनांचा. योजनांची नावे सांगा, नियमांच्या खोलात शिरू नका. नावे मोठी गोड आहेत. २०१५ च्या मुद्रा योजनेत पन्नास हजारांपर्यंतचे कर्ज ‘शिशू’, पाच लाखांपर्यंत ‘किशोर’, दहा लाखांपर्यंत ‘तरुण’. तरुणपणीचे कर्ज फेडून जो जिवंत राहिला त्याच्यासाठी २०२४ च्या अर्थसंकल्पाने वीस लाखांचा ‘तरुण प्लस’ही आणला. वानप्रस्थाची सोय योजनेत नाही. ती कर्जदार आपली आपण बघतो.

मुद्रा कर्जाला तारण लागत नाही, हे छापील सत्य आहे आणि शाखेतले साहेबही तारण मागत नाहीत. ते फक्त विचारतात, ‘वडील काय करतात?’ वडील झेडपीत शिक्षक असतील तर खुर्ची मिळते. वडील शेतकरी असतील तर ‘मार्च एंड होऊ दे’ असे उत्तर मिळते. मार्च संपल्यावर साहेबांची बदली होते. नव्या साहेबांना फाइल सापडेपर्यंत पुढचा मार्च दिसू लागतो. नोकरीवर थुंकून धंदा करा म्हणतात, आणि त्या धंद्याचे कर्ज नोकरदार बापाचे तोंड बघून देतात, हे आमच्या मते या साऱ्या व्यवहारातले सर्वांत अस्सल सत्य आहे. शिबिरात ते सांगू नये.

प्रधानमंत्री रोजगारनिर्मिती कार्यक्रमाचेही नाव घ्या. २००८ पासून तो चालू आहे. अनुदान पंधरापासून पस्तीस टक्क्यांपर्यंत, कोण कुठल्या वर्गात आणि कुठे राहतो त्याप्रमाणे. पस्तीस म्हटले की सभागृह जागे होते. ते अनुदान तीन वर्षे बँकेतच ठेव म्हणून पडून राहते आणि धंदा तोवर टिकला तरच कर्जात वळते होते, हे बारीक टाइपात असते. बारीक टाइप वाचण्यासाठी गावोगाव सल्लागार आहेत. हे सल्लागार प्रकल्प अहवालही करून देतात. आमच्या पाहण्यात एक अहवाल आला होता, शेळीपालनाचा; त्याच्या सातव्या पानावर भट्टी, मैदा आणि यीस्ट यांचा खर्च धरला होता. बँकेने तो मंजूर केला. शेळ्यांना पाव आवडत असावा.

सल्लागारीवरून आठवले, तुमच्या या धंद्याला एक किफायतशीर जोडधंदाही आहे. लहान उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन होते. कागद जोडायचा नाही, आपले आपणच जाहीर करायचे, आणि फी शून्य. सरकारने एखादी गोष्ट संपूर्ण फुकट आणि सोपी केली की तिच्याभोवती लगेच दुकाने उगवतात. आज चौकाचौकात फुकटचा तो अर्ज पाचशे-हजारात भरून मिळतो आणि त्यावर ‘अर्जंट’चा दर वेगळा असतो. नवउद्योजकतेचे इतके जिवंत उदाहरण आम्हाला अन्यत्र दिसले नाही.

तुमची स्वतःची फी ठरवताना मात्र लाजू नका. पहिले शिबिर मोफत. त्यात शेवटची वीस मिनिटे राखून ठेवायची आणि दिवे मंद करून सांगायचे, की खरे गुपित पुढच्या निवासी शिबिरात आहे, आणि आत्ता इथेच नाव नोंदवणाऱ्या पहिल्या पन्नास जणांना अर्ध्या दरात. समोर बसलेल्या पोरांच्या आईबापांनी तीन वर्षे पुण्यात एमपीएससीच्या क्लासची आणि कॉटबेसिसची फी भरलेली असते. तेव्हा आणखी एका हप्त्याने त्यांचे काही बिघडत नाही. पैसे आगाऊ घ्या. बँक ट्रान्सफर झाल्याचा मेसेज दिसल्याशिवाय खुर्ची देऊ नका. महाराष्ट्रात कामाआधी संपूर्ण पैसे वसूल करण्याची हिंमत दोघांतच आहे, मंगल कार्यालयवाल्यात आणि प्रेरणादायी वक्त्यात.

ही एकच गोष्ट तुम्ही शिबिरात शिकवलीत तरी पोरांचे भले होईल. पण ती तुम्ही शिकवत नाही. बघा ना, कुठल्याही प्रकल्प अहवालात उधारी नसते. पहिल्या वर्षी विक्री इतकी, दुसऱ्या वर्षी वीस टक्के जास्त, तिसऱ्या वर्षी दुसरे यंत्र. महिन्याचे पैसे महिन्यात आले असे धरूनच सारे तक्ते केलेले असतात. आणि खऱ्या दुकानाला कुलूप लागते ते बहुतेक वेळा माल खपला नाही म्हणून नव्हे, तर माल खपला, पैसे आले नाहीत आणि बँकेचा हप्ता मात्र पाच तारखेला आला म्हणून.

मराठी पोराने दुकान टाकले की पहिले गिऱ्हाईक आपलेच असते. उद्घाटनाला काका, मावसा, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळे येतात. ‘आपल्यातल्या कोणीतरी हे करायलाच हवं होतं, बाहेरच्यांनी सगळे धंदे बळकावलेत,’ असे सद्गदित होऊन बोलतात. मग काका हळूच विचारतात, ‘आपल्याला काय लावणार?’ बाहेरच्याकडून त्यांनी छापील किमतीला घेतले असते. पण हा पडला घरचा, म्हणून दहा टक्के कमी आणि तेही वहीत लिहून ठेव. वही भरते. वसुलीला फोन केला तर ‘पैशापायी नाती विसरला’ असे आईच्या कानावर येते. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी भिंतीवर लावायची छाती नव्या दुकानदारात नसते. आणि लावली तर तिच्याखाली उभे राहून काका म्हणतात, ‘ही पाटी आमच्यासाठी नाही ना रे?’

तोवर घरी स्थळे येऊ लागलेली असतात. बायोडेटात ‘स्वतःचा व्यवसाय’ लिहिलेले वाचून मुलीचे वडील सोज्वळपणे विचारतात, ‘बरं, पण सध्या करतो काय?’ हे वडील परवाच्या मेळाव्यात पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. दुसऱ्याच्या पोराने धंदा करावा याला त्यांचा संपूर्ण पाठिंबा आहे.

नातेवाईक तरी परवडले; त्यांना दिवाळीत गाठता येते. मोठी गिऱ्हाईके, म्हणजे कंपन्या, संस्था आणि कार्यालये, यांचे तंत्र निराळे. तिथे बिल नाकारले जात नाही. ते ‘प्रोसेसमध्ये’ असते. आधी पीओ नंबर चुकलेला असतो, मग चलनावर शिक्का नसतो, मग सही करणारे साहेब ऑडिटमध्ये असतात. कायदा आहे, आणि चांगला आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या लहान पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यायचे असतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ. सावकारालाही लाजवील असे हे व्याज आजवर किती पोरांनी मागितले असेल? जो मागेल त्याला पुढची ऑर्डर मिळत नाही, हे कलम कायद्यात नाही, पण पाळले मात्र तेवढेच जाते.

सरकारने आणखी एक फास आवळून पाहिला. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदतीत पैसे दिले नाहीत तर ती रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरायची नाही, प्राप्तिकर भरा, असे आयकर कायद्यात आले. मग काय झाले? काही बड्या खरेदीदारांनी पैसे वेळेवर देण्यापेक्षा सोपी युक्ती काढली. लहान पुरवठादारालाच सांगितले, की बाबा, तू तुझी उद्यम नोंदणी रद्द कर. अशा तक्रारी तेव्हा ठिकठिकाणांहून आल्या. ज्या कागदासाठी पोराने चौकात हजार रुपये मोजले, तो कागद फाडून टाकल्यावरच त्याला गिऱ्हाईक उरले. आमच्या दृष्टीने प्रोत्साहनाचा याहून नेमका आलेख कुठल्याही अर्थतज्ज्ञाला काढता आलेला नाही.

तेव्हा तरुणांनो, पुन्हा सांगतो, माईक घ्या. आणि ज्यांना माईक नकोच आहे, ज्यांना खरोखर पापडच लाटायचे आहेत किंवा वेल्डिंगच करायचे आहे, त्यांना सांगण्यासारखे आमच्यापाशी काही नाही. ते तसेही भाषण ऐकायला येत नाहीत. ते मागच्या दाराने येतात, भल्या पहाटे, टेम्पोतून मांडव उतरवतात, खुर्च्या लावतात, ‘युवा उद्योजक महामेळावा’ असा फ्लेक्स चढवतात, चारशे पानांचा स्वयंपाक करतात. नोकरी देणारे व्हा, असे पुढे कोणी ओरडत असते तेव्हा मागे त्यांनी रोजाने आणलेली आठ-दहा माणसे भांडी घासत असतात.

मेळावा भरवणाऱ्या सर्व मान्यवर संस्थांना म्हणून एकच नम्र विनंती आहे. पुढच्या खेपेला शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह रद्द केलेत तरी चालेल. आधी मागच्या मेळाव्याचे मांडवाचे, फ्लेक्सचे आणि जेवणाचे बिल काढा. ते कपाटात, निमंत्रणपत्रिकांच्या उरलेल्या गठ्ठ्याखाली आहे. बँकेचे नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड बिलाच्या तळाशी छापलेला असतो.