खर्ऱ्या, तुझ्या बिनधुराच्या अब्रूबद्दल

महागाव, जि. यवतमाळ

खर्ऱ्या,

पत्राच्या आरंभी नमस्कार लिहायची रीत आहे. तुला तो लिहीत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून तू बनतोस, पण महागाव तालुक्यात तुला मान कमी नाही. साखरपुड्याच्या बैठकीत चहाच्या मागोमाग तू फिरतोस, तेरवीला आलेल्या पाहुण्यापुढे तू येतोस, तहसीलच्या आवारात ताटकळलेल्या माणसांच्या हातात तू असतोस. मजुरीच्या हिशेबात ‘चहा-खर्रा’ म्हणून तुझा वेगळा वाटा धरलेला असतो. माझी तक्रार या मानाबद्दलच आहे. तो तू बिडीची जागा घेऊन मिळवलास, आणि तोही एवढ्या एका गोष्टीवर की तिचा धूर निघतो, तुझा निघत नाही.

“बिडी सोडली ना भाऊ, आता फक्त खर्रा खातो.” फुलसावंगी असो, गुंज असो की हिवरा, हे वाक्य कानावर पडलं नाही असा बाजाराचा दिवस जात नाही. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर सावकाराचं कर्ज फेडल्यासारखं समाधान असतं. घरचेही दुजोरा देतात. बायको म्हणते, घरात वास येत नाही, गोधडीला भोकं पडत नाहीत. म्हातारी म्हणते, “बिडी होती तवा रातभर खोकलत राहे, आता तसं नाई.” यातलं कुणी खोटं बोलत नाही. धूर खरंच गेलेला असतो. तंबाखू गेली का, हे विचारायचं मात्र सगळ्यांचं राहून जातं, आणि त्या न विचारलेल्या प्रश्नावर तुझं सगळं दुकान चालतं.

या मुलखात धुराला एके काळी प्रतिष्ठा होती. शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या हातातला पाईप त्यांच्या फेट्याइतकाच लोकांच्या लक्षात राहिला. शेताच्या बांधावर बिडी होती, आणि तिचं पान तर आमच्याच जंगलातलं, मे महिन्यात उन्हातान्हात तोडलेला तेंदूपत्ता. मग हळूहळू धुराची पत गेली. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे नवे नियम लागू झाले, दोनशे रुपये दंडाची पाटी एसटी स्टँडवर, दवाखान्यात, कचेरीत लागली. त्या नियमांच्या बाजूने मी आजही उभा आहे. दुसऱ्याच्या बिडीचा धूर बाळंतिणीने आणि तान्ह्या लेकराने का गिळायचा? पण त्या पाटीने राखला तो शेजारच्याचा श्वास. जो माणूस तंबाखू घेतो त्याच्या गालाचं, जिभेचं, जबड्याचं काय, यावर ती पाटी बोलत नव्हती. तू नेमका तिथून आत शिरलास.

आणि किती सहज शिरलास! पोरगा बापासमोर बिडी लपवत होता, तुला मात्र बाप-लेक एकाच पुडीतून काढून खाऊ लागले. बाईने बिडी ओढली असती तर गावभर चर्चा झाली असती. तुला तोंडात धरून ती कापूस वेचू लागली आणि कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. साहेबाच्या टेबलासमोर सिगारेट पेटवायची कुणाची छाती नाही, पण हनुवटी वर करून, तोंडातला रस सांभाळत, अर्धवट शब्दांत साहेबच अर्जदाराशी बोलतो आणि आम्ही ते नीट ऐकून घेतो.

हे फक्त आमच्या तालुक्याचं नाही. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले बिडी-सिगारेट ओढणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि बिनधुराची तंबाखू खाणारे २४.४ टक्के. ओढणाऱ्यांचा आकडा पाहून आपलं राज्य सुधारलं असं म्हणणाऱ्यांनी दुसरा आकडाही त्याच दमात वाचावा. आपण तंबाखूला कधी हाकललंच नाही. आपल्या नाकाला, आपल्या कपड्यांना, आपल्या बसच्या सीटला होणारा त्रास तेवढा हाकलला. माणूस आपल्याआपल्यात गुपचूप कुजत असेल तर समाजाची हरकत नाही, हे तुला आमच्याही आधी कळलं.

आता तुझ्याबद्दल. पानठेल्यावर तुला घोटताना मी रोज पाहतो. कातरलेली सुपारी, सुगंधित तंबाखू, बोटभर चुना, आणि हे सगळं पन्नीत घालून पाटीवर खसाखसा घासायचं, सुपारीला ओल सुटून रंग चढेपर्यंत. आता काही ठेल्यांवर त्यासाठी मशीनही आलं आहे. खाणाऱ्याला वाटतं की धोका असलाच तर तंबाखूचा, आणि ती तर चिमूटभरच आहे. त्याला सुपारीचं कुणी सांगितलेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. सुपारीने गालाच्या आतली त्वचा आखडते, तिच्याखाली दोरीसारखे घट्ट पट्टे तयार होतात आणि तोंड उघडेनासं होतं. हा आजार मुंबईच्या डॉ. जोशी यांनी १९५३ सालीच नोंदवला होता. आखडलेला गाल पूर्वीसारखा मऊ होत नाही. तोंड थोडंफार उघडता येतं, व्यायामाने, इंजेक्शनांनी, शस्त्रक्रियेने. आणि त्याच गालात पुढे कर्करोगाची गाठ धरण्याची भीती कायम राहते. फुप्फुस वाचवलं म्हणून तू मिरवतोस, पण त्याच माणसाचा जबडा तू मागून घेतलास.

माझ्या मामेभावाने तिशीत बिडी सोडली होती. सगळ्या नातेवाइकांत त्याचं कौतुक झालं, मीही केलं. मग तू त्याच्या खिशात राहायला आलास. आधी त्याला तिखट सोसेना. वऱ्हाडी माणूस, ठेच्याशिवाय न जेवणारा, तो बिनमिरचीचं वरण मागू लागला. घरच्यांना वाटलं पित्त असेल. मग भाकरीचा घास बारीक करून आत सरकवावा लागू लागला. तोंडात तीन बोटं उभी जायची तिथे एक जाऊ लागलं. गालावर गाठ दिसली तेव्हा त्याला नागपूरला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, “तंबाखू खाता का?” वहिनी लगेच म्हणाली, “नाही जी, केव्हाचीच सोडली.” तिने बिडीचं उत्तर दिलं होतं. तिच्या लेखी तंबाखू म्हणजे धूर, आणि धूर तर घरातून जाऊन कैक वर्षं झाली होती. पुढे मुंबईला टाटा रुग्णालयात खेपा झाल्या, मुक्काम दादरला गाडगेबाबांच्या मिशनच्या धर्मशाळेत. तिथे आपल्यासारखं बोलणारी किती माणसं भेटावीत! गालाला पट्टी, नाकात नळी, पातळ पेजेचा डबा, आणि सोबतच्या बाईच्या हातात कागदांची पिशवी. मामेभाऊ गेला तेव्हा त्याचं मोठं लेकरू दहावीत होतं. वहिनीचं ते उत्तर मला अजून झोपू देत नाही, म्हणून हे पत्र तुला लिहिलं आहे.

तुझा एक शहरी भाऊ आहे, त्याचंही बोलून टाकतो. पुण्याला शिकायला गेलेली पोरं सुट्टीत येतात तेव्हा एखाद्याच्या खिशात पेनासारखी ई-सिगारेट असते. आंब्याचा, पुदिन्याचा वास येतो. विचारलं की म्हणतात, “काका, हा धूर नाही, वाफ आहे.” तुझंच वाक्य, नव्या कपड्यांत. हे यंत्र २००३ मध्ये होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने बनवलं. तो स्वतः सिगारेट ओढायचा आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. त्याचा हेतू मी नाकारत नाही. सिगारेट सुटतच नाही अशा प्रौढाला इंग्लंडचं सरकार आजही हे यंत्र घ्यायला सांगतं, कारण जळत्या तंबाखूपेक्षा त्याचा अपाय पुष्कळ कमी आहे. पण त्याच देशाने एकदा वापरून फेकायच्या ई-सिगारेटी १ जून २०२५ पासून बंद केल्या, कारण त्या शाळकरी पोरांच्या दप्तरात सापडू लागल्या. आमच्या पोराने तर आयुष्यात सिगारेट ओढलेलीच नव्हती. त्याने मग कशाच्या बदल्यात वाफ घेतली? निकोटिनची ओढ मात्र त्याला लागली, आणि आईसमोर बसून घेता येते म्हणून ती अधिकच पक्की झाली.

या भावासाठी भारताने २०१९ मध्ये स्वतंत्र कायदा केला. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुझ्यावरही बंदी आहे. २०१२ मध्ये राज्याने गुटखा आणि पानमसाला बंद केला, पुढच्या आदेशांत सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, मावा आणि नाव घेऊन तूही आलास. वर्षामागून वर्ष तो आदेश नव्याने निघतो. आणि तू महामार्गाच्या कडेला, भर दुपारी, घोटण्याचा आवाज करत विकला जातोस. ज्याने कारवाई करायची त्याच्याही गालात तू असशील तर त्याने पुडी जप्त करायची ती कोणत्या तोंडाने?

यवतमाळ जिल्ह्यातल्या बायांनी दारूबंदीसाठी मोर्चे काढले, त्यांच्या हिमतीपुढे मी मान झुकवतो. दारू घरात येऊन हात उगारते, भांडी फोडते, म्हणून ती दिसली. तू कुणावर हात उगारत नाहीस, म्हणून दिसत नाहीस. पण गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये ‘मुक्तिपथ’ अभियान सुरू झालं तेव्हा त्यांनी दारूच्या जोडीला तंबाखू आणि खर्रा धरला. गावागावांत बसून गावाने ठराव करावेत, ठेलेवाल्याशी बोलावं, शाळेत बोलावं, असं ते काम आहे. आमच्या तालुक्यात ते व्हायला काय अडचण आहे? ठेलेवाला आमचाच माणूस आहे. घोटून घोटून त्याच्या बोटांना चुन्याने चिरा पडल्या आहेत. त्याला पोट आहे, लेकरं आहेत. त्याच्या पाटीवर तुझ्याऐवजी दुसरं काय विकता येईल, हे ग्रामसभेने त्याच्यासोबत बसून ठरवावं. ग्रामसभेला जाताना मी खिशात तुझी पुडी ठेवणार नाही, आणि तिथे कुणी पुढे केली तर सगळ्यांसमोर नको म्हणणार आहे. पाहुणचाराचा अपमान होतो म्हणून आजवर आम्ही ‘थोडासाच दे’ म्हणत आलो. तो अपमान आता झाला तर होऊ दे.

शेवटचं, तुझ्या पन्नीबद्दल. सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग २०१६ पासून सडलेल्या तोंडाच्या चित्राने आणि इशाऱ्याने झाकलेला असतो. साध्या तंबाखूच्या पुडीवरही तो असतो. तुझी पन्नी पारदर्शक. तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, आत काय आहे ते नाही, चित्र नाही, सोडायचं असेल तर कुणाला फोन करायचा तेही नाही. म्हणून ते मी या पत्रात लिहितो: तंबाखू सोडवण्यासाठी मदत करणारा सरकारी मोफत क्रमांक १८००-११-२३५६. ज्याच्या तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत, ज्याला तिखट झोंबायला लागलं आहे, ज्याच्या गालात पांढरा किंवा लाल चट्टा आहे, त्याने फोनची वाट न पाहता आधी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात तोंड दाखवावं. आणि डॉक्टरांनी तंबाखूचं विचारलं तर तुझं नाव सांगावं.

महागाव तालुक्यातला एक रहिवासी