परभणीचा पारा

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं छातीठोक सांगणाऱ्या या जिल्ह्याला आपल्या पाऱ्याचंही भारी कौतुक. उन्हाळ्यात तो 44 अंशांवर चढला काय, हिवाळ्यात दातावर दात वाजवू लागला काय, कृषी विद्यापीठात नोंद होते आणि सकाळी पेपरात बातमी येते. पण त्याच परभणीत भर जानेवारीत, रात्री दोन वाजता पंखा लावणाऱ्या बाईची बातमी होत नाही. भांडण होतं. “काहून लावला पंखा? जीव घेती का?” नवरा दोन गोधड्यांच्या आतून विचारतो. ती पदराने मान पुसत बसलेली.

शरीरातलं इस्ट्रोजेन घटायला लागलं की मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग उगाच हळवा होतो. अंगात जराशी ऊब वाढली तरी त्याला वणवा पेटल्यासारखं वाटतं आणि तो घामाच्या धारा सोडतो. सलग 12 महिने पाळी आली नाही की डॉक्टर रजोनिवृत्ती धरतात. भारतीय बायकांत हे साधारण 46-47 व्या वर्षी घडतं. नेमकी तेव्हाच लेकीची सोयरीक, लेकाची परीक्षा आणि सासूचे गुडघेही ऐरणीवर असतात.

त्यात झोप उडालेली. वरणात मीठ दोनदा पडतं आणि घरातले एकमेकांकडे बघतात. अख्ख्या भिशीचा हिशेब तोंडपाठ असलेली बाई मग नोटा तीन-तीनदा मोजायला लागते. गरम वाफांपेक्षा हे वाईट. वाफ पाच मिनिटांत ओसरते, ‘आपल्याला आता काही जमत नाही’ हे मात्र मुक्कामाला येतं.

14 जानेवारी 2026 ला, ऐन संक्रांतीला, राज्याच्या सरकारी रुग्णालयांत रजोनिवृत्ती क्लिनिकं सुरू झाली. पुढाकार आरोग्य राज्यमंत्री मेघना साकोरे-बोर्डीकर यांचा. त्या जिंतूरच्या आमदार, म्हणजे परभणीच्याच. हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे लुटण्याच्या काळात हे वाण बरंच कामाचं म्हणायचं. तपासणी, औषधं, समुपदेशन, सगळं एकाच ठिकाणी.

आता अडचण एवढीच, की तिथं जायचं कसं? ‘बीपी दाखवून येते’ म्हणून. समजा, अशीच एखादी मावशी गेली. डॉक्टरीण म्हणाली, “रोज चालत जा.”

“अवं माय, दिवसभर कापूस वेचते, ते काय बसून?”

बाहेर मोटारसायकलवर नवरा ताटकळलेला. “काय निघालं?”

“हाडं जपा म्हन्त्यात. वजन उचलू नका.”

असं कुणीच म्हटलं नव्हतं. पण भाजीची पिशवी त्याच्या हँडलला अडकली.