साहेब स्पष्ट, गायिका हललेली

व्यावसायिक छायाचित्रकार व्हायचंय? हप्त्यावर एक कॅनन १५००डी घ्या आणि महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३ पासून भरणाऱ्या लोलापलूझाच्या फाटकापाशी जाऊन उभे राहा. ज्याच्या फोटोंना घरच्यांनीही कधी ‘बरा आलाय’ म्हटलेलं नाही, त्याला तिथे एका नजरेत ‘प्रोफेशनल’ ठरवलं जातं. अशा महागड्या तिकिटांच्या जलशांचा नियम सोपा असतो. लेन्स सुटी होते? कॅमेरा बाहेर. शेजारून लाखाच्या वरचा, चंद्रावरचे खड्डे दाखवणारा फोन हात उंचावत आत जातो. त्याची लेन्स निघत नाही ना, म्हणजे तो हौशी!

मग डोंबिवलीकराने बॅग पोटाशी धरून लोकलने परत यावं आणि दिवाळीची वाट बघावी. फडके रोडवर किंवा ठाण्याच्या तलावपाळीवर कुणी लेन्स तपासत नाही. उलट गळ्यात कॅमेरा दिसला की नऊवारी आणि कुर्ते आपणहून ओळीत उभे राहतात, ‘दादा, एक काढा ना’ म्हणतात, आणि फोटो कुठे बघायला मिळेल हे न विचारताच निघून जातात.

खरी परीक्षा मंचासमोर. दिवाळी पहाटेला उजेड जेमतेम. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली १८-५५ची लेन्स जरा झूम केली की एफ ५.६वर येऊन बसते, म्हणजे डोळे अर्धवट मिटूनच काम करते. शटर एक पंधरांश सेकंदावर घसरतो. गायिकेने तान घेताना हात फिरवला की हाताचा पंखा होतो, आणि तबलजीला तर बोटंच उरत नाहीत. आयएसओ ६४००ला नेला की पैठणीवर रवा सांडल्यासारखा दिसतो. सगळ्या फोटोत एकच गोष्ट लख्ख येते : मागचा बॅनर. त्यावरचे साहेब हलत नाहीत. शिवाय इतक्या अंतरावरून ५.६ला गायिका आणि साहेब दोघंही फोकसमध्ये सापडतात. त्यात आयोजकांचा हात नसतो, हे प्रकाशशास्त्र आहे. (बॅनरचा आकार मात्र आयोजकांचा.)

आणि बॅनर ही किरकोळ बाब समजू नका. २०२२ साली तलावपाळीची दिवाळी पहाट शिवसेनेच्या कोणत्या गटाने करायची, हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. भैरव आळवायचा की भटियार, यावर भांडण असल्याचं ऐकिवात नाही.

यावर उपाय आहे : ५० मिलिमीटर, एफ १.८. हौशी दुनियेतली सगळ्यात गरीब आणि सगळ्यात गुणी लेन्स. किट लेन्स त्याच जागी जेवढा उजेड आत घेते, त्याच्या जवळजवळ दहापट ही घेते. शटर एक सव्वाशेंश सेकंदावर जातो, तबलजीला बोटं परत मिळतात. ही झूम होत नाही, त्यामुळे पायांनी पुढे सरकावं लागतं. पण जवळ जाऊन गायिकेच्या डोळ्यावर फोकस धरला की मागचे साहेब, युवा नेते आणि शुभेच्छुकांची ओळ सगळं विरघळू लागतं. हे निवडणूक आयोगालाही जमलेलं नाही.

नाट्यगृहात मात्र एक कृपा करा, तो टुणकन वर येणारा फ्लॅश दाबून बंद ठेवा. त्याची धाव चार-पाच मीटर. गडकरी रंगायतनच्या बाराव्या रांगेतून तो मारला तर पुढच्या काकांचं टक्कल तेवढं उजळतं, मंचावर काहीही पोचत नाही. विलंबित ख्यालात समेच्या आधी कॅमेऱ्यातला आरसा ‘खटॅक’ करतो तेव्हा सगळं सभागृह मागे वळून बघतं, ते वेगळंच. हात शिवशिवत असेल तर डोंबिवलीच्या आगरी महोत्सवात जा. तिथे डीजेपुढे तुमचा आरसा कुणाला ऐकू यायचा नाही. उजेडही मुबलक, फक्त शटर फार वाढवलात तर एलईडीचे पट्टे उमटतात आणि गायक जांभळ्या-निळ्या रंगात न्हाऊन निघतो. तसे फोटो सरळ कृष्णधवल करून टाकावेत. लोक त्याला कला म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मंडळाचा फोन येतो. ‘सगळे फोटो पाठव, ओरिजिनल साइझमध्ये, व्हॉट्सॲपवर नको.’ मानधनाचं विचारलं तर, ‘अरे, घरचाच कार्यक्रम!’ तुम्ही पाचातला एक या हिशेबाने निवडून, १.८ने टिपलेले चाळीस उत्तम फोटो आणि चुकून एक किट लेन्सचा, असे पाठवता. वर्षभराने नाक्यावर नवा बॅनर लागतो. त्यावर तो चुकून गेलेलाच असतो : गायिका हललेली, तबलजी बिनबोटांचा, साहेब स्पष्ट. खाली छायाचित्रकाराचं नाव नसतं. शुभेच्छुक बावीस.