कृपया दुसरे उपकरण वापरा

गेल्या मंगळवारी रात्री शेजारचे काका अर्धा तास बेसिनवरच्या आरशासमोर उभे होते. हातात फोन, मान तिरकी, एक डोळा मिटलेला. काकूंनी दोनदा विचारलं, "दाढी करताय की काय या वेळेला?" काका म्हणाले, "स्कॅन करतोय."

काका-काकू सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला निघालेत. का, ते सांगत नाही. पुण्यातलं सत्तरीचं जोडपं डिंकाचे लाडू घेऊन न्यू जर्सीला का जातं, ते वाचकांना ठाऊक आहे. चिरंजीवांनी तिकडून बजावलं होतं, "बाबा, विमानतळावर सिमसाठी रांग लावू नका. ई-सिम घ्या. कागद नाही, प्लास्टिक नाही, सोपं आहे." पैसे भरले आणि दोन मिनिटांत मेल आली. मेलमध्ये काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन आणि खाली सूचना: ज्या फोनमध्ये ई-सिम घ्यायचे आहे, त्या फोनच्या कॅमेऱ्याने हा चौकोन स्कॅन करा.

चौकोन त्याच फोनमध्ये होता.

इथे जरा थांबू या. मेल ज्या फोनवर आली, कॅमेराही त्याच फोनचा. फोनने आता स्वतःकडे बघायचं आहे. चौकोन उघडावा तर कॅमेरा बंद होतो आणि कॅमेरा उघडावा तर चौकोन दिसेनासा होतो. दोन जावांनी ठरवून एकमेकींचं तोंड न बघावं तसं. म्हणून आरसा. पण आरशात दिसला तो कॅमेरा उघडलेला फोन, आणि त्यामागे काका. फोनने काकांना बराच वेळ निरखलं आणि 'वैध कोड आढळला नाही' असा शेरा दिला. सरकारी नोकरीत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला असा शेरा निवृत्तीनंतर मिळावा! मेलच्या तळाशी बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती: अडचण आल्यास कृपया दुसरे उपकरण वापरा. काकूंचा फोन बटणांचा, त्याचा पडदा काडेपेटीएवढा. रात्री साडेदहाला शेजाऱ्याचं दार वाजवणं काकांच्या शिस्तीत बसत नाही. नव्या फोनांत म्हणे चौकोनावर बोट दाबून धरलं की काम होतं. काकांनी आपल्या जुन्या फोनवर इतकं दाबलं की बोटाला घट्टा पडला. मग 'हाताने माहिती भरा' हा पर्याय सापडला. त्यात 'एसएम-डीपी प्लस' असा एक पत्ता टाकायचा होता. काकू म्हणाल्या, "लिहा ना, चिरंजीवांचा आहे की तुमच्याकडे." त्यानंतर इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची एक माळ, जिच्यातला ओ कुठला आणि शून्य कुठलं हे ती ओवणाऱ्यालाच माहीत.

पहिलं सिम १९९१ साली आलं तेव्हा ते एटीएम कार्डाएवढं होतं. मग कातरत कातरत नखाएवढं झालं आणि आता दिसेनासंच झालं. पण नखाएवढं होतं तेव्हा काकूंच्या बांगडीतल्या सेफ्टी पिनेने ते बसायचं. जुनं सिम सेलोटेपने पासपोर्टाला चिकटवलं की परदेशवारीची तांत्रिक तयारी संपायची. आता जुनं सिम काढावं लागत नाही, बँकेचा ओटीपी तिकडेही त्यावर येतो, हे मान्य. हा फायदा मी नाकारत नाही. नवं आत शिरलं असतं तर आणखी मान्य केला असता.

शेवटी चिरंजीवांना फोन गेला. तिकडे दुपारचा एक, जेवणाची सुट्टी. "बाबा, मला फॉरवर्ड करा, मी बघतो." त्यांनी बघितलं. ऑफिसच्या लॅपटॉपवर चौकोन उघडला आणि 'चालतोय का बघू' म्हणून स्वतःचा फोन त्यापुढे धरला. चालत होता. आई-वडिलांचं अमेरिकेतलं इंटरनेट सुखरूप अमेरिकेत पोहोचलं, चिरंजीवांच्या फोनमध्ये. चौकोन एकदाच वापरता येतो, आणि एका फोनवर चढलेलं हे सिम दुसऱ्यावर नेता येत नाही. तेव्हा दहा वर्षं न्यू जर्सीत राहणारा हा गृहस्थ सध्या तिथे पर्यटकांचं इंटरनेट वापरतो आहे. मुदत तीस दिवस.

आता मला कोणी सांगेल का, हे 'दुसरे उपकरण' म्हणजे कोण? मी सांगतो. ते उपकरण पंचवीस वर्षांचं असतं, पलंगावर लोळत असतं, "द्या इकडे" म्हणतं आणि फोन हिसकावून घेतं. प्रत्येक घरात असं एक असणारच, हे धरून या सगळ्या सूचना लिहिल्या जातात. आमच्या सोसायटीत चाळीस फ्लॅट. त्यातल्या निम्म्या घरांतलं दुसरं उपकरण परदेशी गेलंय! त्यालाच भेटायला तर ही माणसं निघालीत! ज्याच्याकडे जायला ई-सिम हवं, तोच घरी असल्याशिवाय ते बसत नाही, आणि तो घरी असता तर ई-सिम घेतलं कोणी असतं? आणि वर ते 'सोपं आहे'. गॅसचा नंबर लावा, सोपं आहे. विजेचं बिल भरा, सोपं आहे. ज्याला जमलं त्याला सोपं, ज्याला जमलं नाही तो म्हातारा, असा हिशेब. ज्या माणसाने पोराला लॉगॅरिदमचं पुस्तक उघडून गणितं शिकवली, त्याला तेच पोर व्हिडिओ कॉलवर "बाबा, सेटिंग्जमध्ये जा, अहो सेटिंग्ज, ते चाकासारखं" असं दात ओठ खाऊन सांगतं, तेव्हा मला त्या चाकाखाली त्याच्या ऑफिसातल्या सगळ्या खुर्च्या घालाव्याशा वाटतात.

असो.

काकांनी बुधवारी दुसरा प्लॅन घेतला, पुन्हा पैसे भरून. चौकोन आला. या वेळी कोणाचंही न ऐकता त्यांनी पायात चपला घातल्या आणि कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान गाठलं. कागद नाही, प्लास्टिक नाही, असं ते ई-सिम एका सातबाऱ्याच्या आणि दोन मार्कलिस्टांच्या मागे रांगेत उभं राहिलं, ए-फोर कागदावर छापून आलं आणि दुकानदाराने सवयीने ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलं. काकांनी तिथेच काउंटरवर कागद ठेवला, फोन धरला. एका दमात झालं.

"आणखी कॉपी काढू?" दुकानदाराने विचारलं.

काकांनी तीन काढून घेतल्या. एक फायलीला, एक हातातल्या बॅगेत, आणि एकीवर 'मूळ प्रतीनुसार सत्यप्रत' असं लिहून खाली सही केली.