अंडी, केळी आणि स्मार्ट बोर्ड

सरकारी शाळेच्या समितीची बैठक असली की सगळ्यात जास्त वेळ अंड्यांवर जातो. बोम्मसंद्र्यात तरी जातो. अंडं सोलून देतात की मुलांनीच सोलायचं, टरफलं टाकायची कुठं, जी मुलं अंडं खात नाहीत त्यांच्या वाट्याला येणारं केळं पिकलेलं असतं की नुसतंच पिवळं, शनिवारच्या सकाळच्या शाळेत अंडं किती वाजता द्यायचं, या प्रश्नांना समितीतले पालक ज्या तयारीनं भिडतात, त्या तयारीनं अर्थसंकल्पाला भिडणारे आमदार मी तरी पाहिलेले नाहीत. मग मुख्याध्यापिका घड्याळाकडे बघतात आणि उरलेले दोन विषय पुकारतात : विद्यार्थ्यांची प्रगती आणि तंत्रज्ञान शिक्षण. दोन्ही विषय मिळून चहा येईपर्यंत मंजूर होतात.

मी अशा बैठकीला बसलो तो सभासद म्हणून नव्हे. आमच्या कंपनीनं शाळेला काही वापरलेले संगणक दिले होते, आणि देणगीदाराला एक प्लास्टिकची खुर्ची आणि अर्धा कप चहा द्यायची पद्धत सगळ्या राज्यांत सारखीच आहे.

बोम्मसंद्रा म्हणजे बंगळुरूच्या होसूर रस्त्यावर इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुढचं, आनेकल तालुक्यातलं गाव. गाव म्हणायचं ते सवयीनं. एका बाजूला बायोकॉन, दुसरीकडे नारायण हृदयालय, मधल्या गल्ल्यांत यंत्रांचे सुटे भाग बनवणारे कारखाने. १० ऑगस्ट २०२५ला इथवर मेट्रोची पिवळी मार्गिका आली. तिच्या गाड्या चालकाशिवाय धावू शकतात. फक्त सुरुवातीला त्या तीनच होत्या आणि पंचवीस मिनिटांनी एक यायची. चालकाची गरज नसलेल्या गाडीसाठी घामाघूम होऊन थांबलेली माणसं हे तेव्हाचं आमच्या भागाचं खरं चित्र. या भागातल्या सरकारी शाळांत कारखान्यांतल्या मजुरांची मुलं येतात. कुणी रायचूर-यादगिरीकडचं, कुणी सीमेपलीकडच्या तमिळनाडूतलं, कुणी थेट ओडिशा-बिहारचं. मी बसलो त्या बैठकीत एक बाई बिदर जिल्ह्यातल्या औरादकडच्या निघाल्या. घरी मराठी, कारखान्यात कन्नड. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आल्या होत्या. मला मराठी येतं म्हटल्यावर त्यांनी खुर्ची जरा जवळ ओढली.

कर्नाटकात या समितीला एसडीएमसी म्हणतात. ती २००१ साली सुरू झाली, आणि तिची शिफारस करणाऱ्या कृतिदलाचे अध्यक्ष होते डॉ. राजा रामण्णा. होय, तेच. १९७४मध्ये पोखरणला अणुस्फोट घडवणारे. अणू फोडणं झाल्यावर गावातल्या पालकांना एका सतरंजीवर एकत्र बसवायला निघालेला हा माणूस धाडसी असला पाहिजे. पुढे २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं देशभर तेच केलं : समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला. महाराष्ट्रात तिचं नाव शाळा व्यवस्थापन समिती. कागदावर शाळेचा विकास आराखडा हीच मंडळी करतात. प्रत्यक्षात आराखडा वरून येतो आणि सह्या खालून जातात.

त्याआधी आपल्याकडे लोकल बोर्ड होतं, स्कूल बोर्ड होतं, आणि मुख्य म्हणजे शाळा तपासणारे डिपोटी होते. डिपोटी येणार म्हटलं की शाळा सारवली जायची, हुशार पोरं पुढच्या रांगेत यायची आणि कच्च्या पोरांना त्या दिवशी गुरं राखायला जायची मुभा मिळायची. सगळी सजावट खोटी. पण त्या खोट्या सजावटीत एक गोष्ट खरी घडायची : डिपोटी एखाद्या पोराला उभं करायचे, हातात पुस्तक द्यायचे आणि म्हणायचे, वाच. पोराला यायचं किंवा यायचं नाही, पण ते सगळ्यांच्या कानांवर पडायचं.

आता तसं काही पडत नाही. आता तक्ता असतो. संगणक किती, चालू किती, बंद किती. स्मार्ट बोर्ड आहे की नाही. इंटरनेट आहे की नाही. शेवटच्या रकान्यात ‘शेरा’. मी गेलो त्या शाळेतल्या स्मार्ट बोर्डला झालरीचं आवरण होतं, पूर्वी घराघरांत टीव्हीला असायचं तसंच. आवरणाखालच्या बोर्डची वायर कपाटात, कपाटाची किल्ली मुख्याध्यापिकांच्या पर्समध्ये, आणि मुख्याध्यापिका बऱ्याचदा प्रशिक्षणाला. प्रशिक्षण कशाचं, तर स्मार्ट बोर्ड कसा वापरावा याचं. तक्त्यात मात्र ‘आहे’ या रकान्यात ठसठशीत बरोबरची खूण. मुख्याध्यापिकांना मी दोष देत नाही. महागडी वस्तू मोडली तर जबाब त्यांनाच द्यावा लागतो. न वापरल्याबद्दल आजवर कुणाला जबाब द्यावा लागलेला नाही.

यंत्र आलं की शाळा बदलेल, ही आशा काही बंगळुरूनं शोधलेली नाही. थॉमस एडिसननं १९१३ साली सांगून टाकलं होतं की आता चित्रपट आले, शाळांतून पुस्तकं लवकरच बाद होणार. आपल्याकडची गोष्ट त्याहून मजेची. १ ऑगस्ट १९७५पासून वर्षभर इस्रोनं ‘साइट’ नावाचा प्रयोग केला. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहावरून टीव्ही. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी. कर्नाटकातले जिल्हे होते गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर. म्हणजे आज बोम्मसंद्र्याच्या शाळेत बसणाऱ्या एखाद्या रायचुरी पोराच्या आजोबांनी, मुंबईतल्याही असंख्य घरांत टीव्ही नव्हता तेव्हा, गावच्या शाळेत थेट अवकाशातून आलेला धडा पाहिलेला असू शकतो. उपग्रह अमेरिकेचा, उसना. वर्ष संपलं, त्यांनी तो परत नेला. धडा पाहिलेल्या आजोबांचा नातू आज कारखान्यामागच्या खोलीत राहतो आणि त्याच्या शाळेच्या तक्त्यात पुन्हा एक पडदा आहे. पडदा उंची झाला, एवढं मान्य केलं पाहिजे.

तंत्रज्ञानाचा मुलांच्या निकालावर परिणाम होत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. कर्नाटकात तो झाला आणि आकड्यांत झाला. २०२४च्या दहावीच्या परीक्षेत मंडळानं वर्गावर्गांत कॅमेरे लावले आणि परीक्षा थेट पडद्यावर बघितली. आदल्या वर्षी ८३.८९ टक्के निकाल होता, तो ७३.४० टक्क्यांवर आला. तोही सवलतीचे गुण दहाचे वीस टक्के केल्यावर. शाळेतल्या तंत्रज्ञानानं इतका तडकाफडकी आणि इतका निर्विवाद परिणाम केल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. फरक एवढाच की या यंत्रानं कुणाला काही शिकवलं नाही. जे शिकवलं गेलं नव्हतं, ते दाखवलं. मग वरिष्ठांनी काय केलं? यंत्रावर चर्चा केली, सवलतीच्या गुणांवर चर्चा केली. पहिलीपासून दहावीपर्यंत वर्गात काय चाललं होतं, यावर कुठं बैठक झाल्याचं माझ्या वाचनात नाही.

बंगळुरूतल्याच एका संस्थेनं हा हिशेब फार आधी मांडला होता. अझीम प्रेमजी फाउंडेशननं सुरुवातीच्या वर्षांत सरकारी शाळांत संगणकाच्या मदतीनं शिकवण्याचा कार्यक्रम हजारो शाळांपर्यंत नेला. अनेक भाषांत सीडी काढल्या. पैसा होता, हेतू चांगला होता, आणि संगणकाच्या धंद्यात मुरलेल्या माणसाचं पाठबळ होतं. काही वर्षांनी त्यांनीच तो कार्यक्रम बाजूला ठेवला आणि शिक्षकांबरोबर काम करायला घेतलं. संस्थेच्या अनुराग बेहार यांनी वर्तमानपत्रात उघड लिहिलं की शिक्षणाच्या मूळ दुखण्यावर संगणक हा उतारा नव्हे. जो माल आपण विकतो तोच इथं चालला नाही, असं सांगायला मोठं मन लागतं. आता हीच संस्था काय देते? अंडी. २०२४च्या जुलैत कर्नाटक सरकारशी करार झाला : तीन वर्षं, सुमारे १,५०० कोटी रुपये, आणि आठवड्यातून दोन दिवस मिळणारं अंडं सहा दिवस. ज्यांनी संगणकापासून सुरुवात केली ते अंड्यापर्यंत आले, आणि आमची समिती मात्र अंड्यांवर जास्त वेळ घालवते म्हणून मी मनातल्या मनात हसत बसलो होतो.

खरं म्हणजे अंड्यांवरची ती चर्चा ऐकण्यासारखी असते. कुणीही ‘अंडी : आहेत’ अशा खुणेवर समाधान मानत नाही. ताटात आलं का? पोटात गेलं का? लहान निघालं तर पोर घरी येऊन आईला हाताचा आकार करून दाखवतं. स्मार्ट बोर्डला हे प्रश्न कुणी विचारत नाही. तो भिंतीवर आला, की तो शिकवून झाला असं धरलं जातं.

यंत्र कामालाच येत नाही, असं म्हणण्याचा करंटेपणा मराठी माणसानं तरी करू नये. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात पाष्टेपाडा नावाच्या वस्तीवर संदीप गुंड या शिक्षकानं जिल्हा परिषदेची शाळा डिजिटल करून दाखवली, तीही सौरऊर्जेवर. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२०चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकांवरच्या क्यूआर कोडमुळे. दहा लाख डॉलर्सपैकी निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकले, ही बातमी आपण सगळ्यांनी मिरवली. पण पुरस्कार देणाऱ्या वार्की फाउंडेशननं नोंदवलेली आधीची गोष्ट आपण वाचली नाही : डिसले यांच्या शाळेतल्या मुलींची घरची भाषा कन्नड होती, आणि पुस्तकं त्या भाषेत नव्हती. गुरुजी आधी मुलांची भाषा शिकले. कोड नंतर आला. आपण त्यातला कोड तेवढा उचलला, कारण कोड छापता येतो.

आमच्या भागातल्या इंग्रजी शाळांचं वेगळंच चाललं आहे. सीबीएसईनं २०१९-२०मध्ये नववीला कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय आणला. पुढे तो तिसरीपासून आणायचंही ठरलं. तिथल्या पालकसभेत रोबोट बनवणाऱ्या प्रयोगशाळेची फी विचारणारे बहुतेक पालक इलेक्ट्रॉनिक सिटीत संगणकावरच पोट भरतात, आणि घरी पोरांपासून टॅबलेट कपड्यांच्या कपाटात, गाद्यांच्या मागं लपवून ठेवतात. मीही त्यांतलाच.

बैठक संपत आली तेव्हा मुख्याध्यापिकांनी आमच्या संगणकांबद्दल आभाराचा ठराव वाचला. टाळ्या झाल्या. औरादच्या बाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “ते समदं चांगलंच हाय ओ दादा. पण माझी पोरगी चौथीला हाय. तिला वाचता येतंय का, ते कुणी सांगंना.” मी म्हटलं, घरी वाचून घेत नाही का? “मला कुठं कन्नड वाचता येतंय?”

बाईंची शंका एकटीची नाही. ‘असर’ नावाची पाहणी ‘प्रथम’ ही संस्था २००५पासून करते. कार्यकर्ते खेड्यातल्या घरी जातात, मुलाशेजारी बसतात आणि एक कागद देतात : अक्षरं, शब्द, छोटा उतारा, मग गोष्ट. २०२४च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणारी मुलं ४४.८ टक्के निघाली. त्याच पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त जणांना स्मार्टफोन वापरता येत होता. पाहणीच्या आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काही केलं असं त्यांतल्या ५७ टक्क्यांनी सांगितलं, समाजमाध्यमं बघितली असं ७६ टक्क्यांनी. म्हणजे तंत्रज्ञान शिक्षणाचा विषय मुलांनी समितीची वाट न बघता स्वतःच मंजूर करून घेतला आहे. राहिला तो पहिला विषय.

तुम्ही कुठल्या शाळेच्या समितीवर असाल, बोम्मसंद्र्यात असाल, बार्शीत असाल नाहीतर बिदरला, तर एक करा. पुढच्या बैठकीला जरा लवकर जा. चौथीच्या हजेरीपटावर डोळे मिटून तीन ठिकाणी बोट ठेवा, म्हणजे हुशार मुलं पुढं करायची सोय राहणार नाही. त्या मुलांना एकेकटं, शेजारी बसवून, दुसरीच्या पुस्तकातलं एक पान वाचायला सांगा. अडखळली तर रागावू नका, चूक त्यांची नाही. जे ऐकाल ते बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या आणि खाली सही करा. स्मार्ट बोर्डाचा विषय त्यानंतर घ्या.