सायकलीचं गोत्र

जुनी सायकल घरी आणली की पहिला प्रश्न येतो, "केवढ्याला पडली?" आणि दुसरा, "कोणती आहे?" पहिल्याचं उत्तर मी रीतीप्रमाणे दोनशे रुपये कमी करून दिलं. दुसऱ्याचं मात्र देता येईना. रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात, किल्ल्या हरवलेली कुलपं आणि काटे हरवलेली घड्याळं यांच्या मधोमध ती उभी होती, पंगतीत ओळखीचं कुणी नसलेल्या पाहुण्यासारखी अवघडून. विकणाऱ्यानं "इंग्लिश आहे, ओरिजिनल," एवढीच वंशावळ सांगितली. हँडलखाली जिथे कंपनीचा बिल्ला असतो, तिथे कुड्या काढून ठेवलेल्या कानासारखी नुसती दोन भोकं होती.

मग मी मुलीकडच्या मामाच्या चिकाटीनं तिचं कुळ शोधायला बसलो. जाणकार म्हणाले, चेनव्हील बघा. हर्क्युलस किंवा बीएसए असेल, तर अक्षरं वाचता येतील. रज असेल, तर कोरलेला पंजा दिसेल आणि रॅले असेल, तर बगळे. रॉकेलच्या बोळ्यानं तासभर पुसल्यावर काळ्या ओशट थरातून एक चोच वर आली. रॅले! नॉटिंगहॅमची! मी चहा मागवला. तो येईपर्यंत नजर पुढच्या चिमट्यावर गेली. तिथे चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक नळी असायला हवी, तर होत्या दोन-दोन. ही खूण हंबरची. मागच्या चाकाचा हब स्टर्मी-आर्चरचा, तीन गिअरचा. त्यावर ठोकलेले आकडे 1956 सालचे. आता हबचं जन्मसाल म्हणजे सायकलचं जन्मसाल नव्हे, हे कवळीवरून वय ठरवू पाहणाऱ्या कुणालाही पटेल. उरला फ्रेमचा नंबर. पण कुणीतरी प्रेमानं तीनदा हिरवा रंग दिला होता आणि त्या प्रेमाखाली शेवटचे तीन आकडे कायमचे गाडले गेले होते. शिवाय आसनसोलच्या सेन-रॅलेच्या कारखान्यातही रॅले तयार होत असत. तेव्हा बगळा नॉटिंगहॅमचा की बंगालचा, हे बगळ्यालाच ठाऊक.

या घराण्यांचा इतिहास वाचू लागलो, तर मोठी मौज निघाली. एकमेकांवर कुरघोडी करण्यात ज्यांची हयात गेली, ती सगळी पुढे एकाच छपराखाली नांदली. रॅलेनं 1932 मध्ये हंबर घेतली, 1943 मध्ये रज आणि 1957 मध्ये बीएसएच्या सायकली. मग 1960 मध्ये खुद्द रॅलेच ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सच्या घरात गेली. तिथे हर्क्युलस आणि फिलिप्स आधीच पाट मांडून बसल्या होत्या. म्हणजे माझ्या सायकलीत बगळा आणि जोडनळ्या शेजारी-शेजारी दिसतात, हा घोटाळा मुळातलाच असेल किंवा एखाद्या पेठेतल्या मिस्त्रीनं हाताला लागेल ते बसवून केला असेल. 'ओव्हरहॉलिंग'ला तेल पाजून ज्यांनी त्याचं 'ओव्हरऑइल' केलं, त्या मंडळींना गोत्राची काय मातब्बरी!

मॉडेल काही ठरेना. मात्र पुसता पुसता दुसरंच कुणीतरी ओळखीचं होऊ लागलं. डाव्या पेडलचं रबर उजव्यापेक्षा झिजलेलं. म्हणजे डावा पाय पेडलवर ठेवून, उजव्यानं दोनदा जमीन ढकलून, मग टांग टाकणारा कुणी बाप्या. सीटचं चामडं उजवीकडे किंचित कललेलं. चालवताना तो त्या अंगाला झुकत असावा. आणि मधल्या दांडीवर, सीटपासून वीतभर पुढे, दोन घासलेले पट्टे. तिन्ही हिरवे थर जाऊन तिथे उघडं लोखंड चकाकत होतं. लहान मुलांची सीट आवळतात ती जागा. आमच्याकडे अशी सीट नव्हती; दांडीला पंचा गुंडाळून वडील मला बसवत. पायांना मुंग्या येत, पण उतरायचं कुणाच्या मनात होतं! चढ लागला की त्यांचं बोलणं थांबे आणि श्वास माझ्या भांगात लागे. वडिलांची ती सायकल कोणत्या कंपनीची होती, ते मी कधीच विचारलं नाही. ती 'आपली' होती. त्यापुढे मॉडेल विचारण्याची पद्धत नव्हती.

शेवटी सायकल चौकातल्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं छर्रे बदलले, चाकांचा आऊट काढला. बगळ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "मॉडेल कुठलं असेल हो?" मी चाचरत विचारलं. त्यानं सायकलकडे नव्हे, माझ्या पायांकडे पाहिलं. "आधीचे मालक उंच होते, काका. सीट चार बोटं खाली घ्यावी लागेल."

सीटचा दांडा त्यानं उपसून दाखवला. वरचा भाग गंजलेला, खालचा अजून लखलखीत आणि दोहोंच्या मध्ये एक स्वच्छ रेघ. तितकी त्या माणसाची उंची. मिस्त्रीनं ग्रीस लावून दांडा खाली सरकवला आणि नट आवळला. ती रेघ आता नळीच्या आत आहे.