नानांचा नर

बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम धरतात, नाहीतर मधुमेह. आमच्या शेजारच्या नानांनी गोमाशी धरली. म्हणजे कॅमेऱ्यात.

पावसाळ्यात लोक आंबोलीला धबधबा बघायला जातात. नाना तिथे गोठे बघतात. म्हशीच्या पोटाशी भिंग रोखून तासन्‌तास उकिडवे. गोठेवाल्याला पहिल्या खेपेस ते विम्याचे साहेब वाटले, दुसऱ्या खेपेस गुरांचे डॉक्टर. तिसऱ्या खेपेस त्याने चहा दिला आणि विचार करणं सोडलं.

मला ते बरोबर नेतात ते माझ्या गडद निळ्या शर्टासाठी. गोमाशीला गडद, हलणारं आणि धापा टाकणारं काहीही आवडतं, हे त्यांनी मला चढ संपल्यावर सांगितलं. तोवर एक मनगटावर बसलीच होती.

"हलू नकोस!"

"नाना, चावतेय!"

"म्हणजे मादी. नर बिचारा फुलांतला मध पितो. जरा हात उजेडाकडे कर."

डासासारखी सुई टोचून निघून जाणं हिच्या रक्तात नाही. ही कातडी कात्रीसारखी कापते आणि वर आलेलं रक्त चाटते. इकडे माझं रक्त चाललेलं, तिकडे नानांचं प्रवचन. दोन डोळ्यांमध्ये फट असेल तर मादी, डोळे एकमेकांना भिडलेले असतील तर नर. पंखांवर काळे पट्टे आणि मिशा लांब, तर क्रायसॉप्स. करडे, नक्षीदार पंख कौलारू छपरासारखे उतरते मिटलेले, तर हेमॅटोपोटा. अंगाने दणकट आणि पंख स्वच्छ, तर बहुधा टॅबॅनस.

"टॅबॅनसमधली कुठली?"

नाना चष्म्यावरून बघत म्हणाले, "कागदपत्रं अपुरी आहेत." कर्जाचे अर्ज परत करताना त्यांचा आवाज असाच लागत असणार. कपाळावरच्या गाठीचा आकार नीट दिसल्याशिवाय ते कुणाही माशीला नाव मंजूर करत नाहीत.

शेवटी मला राहवेना. फटका मारला. नानांनी मेलेली माशी तळहातावर घेतली आणि सुतकातल्या माणसासारखे उभे राहिले.

"डोळ्यांवर काय सुंदर हिरवे पट्टे होते! मेल्यावर हे रंग उडतात रे. म्हणून तर जिवंतपणी फोटो."

माझ्या मनगटावरची गांधी मात्र रंगात आली होती.

नानांच्या संग्रहात आज शेकडो फोटो आहेत आणि झाडून सगळ्या माद्या. नराला रक्त नको, त्यामुळे तो ना म्हशीकडे फिरकतो, ना माझ्याकडे. "चावली ती मादी, हे कळायला लाखाचा कॅमेरा कशाला?" असं काकू विचारतात. नाना उत्तर देत नाहीत, भिंग पुसतात.

परवा आंबोलीहून चिखलाने माखून परतलो. काकू झेंडूला पाणी घालत होत्या.

"अहो, सकाळी या फुलावर तुमची ती माशी बसली होती. चांगली दहा मिनिटं."

"चावली?"

"छे. डोळे मात्र मधोमध अगदी भिडलेले."

नाना पायरीवर मटकन बसले. "फोटो काढलास?"

"कशाला? तुम्हीच सांगता ना, हलू नका म्हणून?"